गॅलरीतला प्रत्येक पक्षी पारवा नसतो

नवी मुंबई, प्रतिनिधी

गॅलरीतील तुळशीच्या कुंडीत किंवा वातानुकूलन यंत्राच्या मागे चार काड्या दिसू लागल्या की सोसायटीत बहुधा एकच निष्कर्ष निघतो, 'कबुतरे आली'. मग काड्या झाडून टाकल्या जातात, जाळी बसविणाऱ्याला दूरध्वनी जातो, आणि अंडी दिसलीच तर ती रखवालदाराकरवी खाली नेली जातात. जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने मुंबईतील ५१ कबुतरखाने बंद करण्याची भूमिका विधान परिषदेत मांडली. ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला आणि हा वाद रस्त्यावर व न्यायालयात पोहोचला. त्यानंतर कबुतरांविषयीची धास्ती खाडी ओलांडून वाशी, नेरुळ, खारघरच्या इमारतींतही आली. या धास्तीला वैद्यकीय आधार आहे. मात्र तिचा फटका अनेकदा भलत्याच पक्ष्याला बसतो. कुंडीत घरटे करणारा पक्षी पुष्कळदा कबूतर नसतोच, तो होला असतो.

कबुतरांच्या कुळातील किमान सहा-सात जातींचे पक्षी नवी मुंबई आणि तिच्या आसपासच्या टेकड्यांवर, खाडीकाठी व रानात आढळतात. त्यांपैकी एकच, म्हणजे पारवा, माणसाच्या इमारतींवर आणि माणसाने टाकलेल्या धान्यावर विसंबून वाढला आहे. उरलेले रानपक्षी आहेत, आणि त्यांतला एक तर महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे. चार-दोन खुणा लक्षात ठेवल्या तर दुर्बिणीशिवायही ते ओळखता येतात.

नावांचा घोळ

बोलीभाषेत 'कबूतर' हा शब्द पाळीव व रानटी दोहोंसाठी सरसकट वापरला जातो. इमारतींवर राहणाऱ्या राखी पक्ष्याला मराठीत जुना व नेमका शब्द आहे, तो म्हणजे 'पारवा'. निळसर राखी रंगाला आपण 'पारवा रंग' म्हणतो तो याच पक्ष्यावरून. त्याच्याहून सडपातळ, लांब शेपटीच्या व मातकट रंगाच्या पक्ष्यांना 'होला' किंवा 'कवडा' म्हणतात. यातही प्रांतागणिक फरक आहेत. एकाच पक्ष्याला कोकणात एक नाव, तर देशावर किंवा विदर्भात दुसरेच नाव मिळते. पक्षिनिरीक्षक व वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांनी 'पक्षिकोशा'त अशी स्थानिक नावे गोळा केली, तेव्हा या विविधतेचा आवाका मराठी वाचकांसमोर आला.

इंग्रजीतही मोठ्या पक्ष्याला 'पिजन' आणि लहान, नाजूक पक्ष्याला 'डव्ह' म्हणण्याची रीत आहे. परंतु शास्त्रात या दोहोंमध्ये सीमारेषा नाही. दोन्ही 'कोलंबिडी' या एकाच कुळात मोडतात. जगभरात या कुळाच्या ३०० हून अधिक जाती आहेत.

हे कुळ ओळखण्याची एक सोपी रीत उन्हाळ्यात पाणी ठेवणाऱ्यांना घरबसल्या पाहता येते. चिमणी, बुलबुल, साळुंकी हे पक्षी चोचीत पाण्याचा घोट घेतात आणि मान वर करून तो गिळतात. पारवा व होला मात्र चोच पाण्यात बुडवून, मान न उचलता, सलग पाणी ओढून घेतात. दुसरे वैशिष्ट्य पिलांच्या संगोपनात आहे. या कुळातील नर व मादी दोघांच्याही गळ्यातील अन्नपिशवीत दह्यासारखा पौष्टिक स्राव तयार होतो. त्याला 'कबुतराचे दूध' म्हणतात, आणि पिले पहिले काही दिवस त्यावरच वाढतात.

आधी काय पाहावे?

पक्षी समोर आला की रंगावर भिस्त ठेवू नये. दुपारच्या उन्हात राखी रंग तपकिरी दिसतो आणि पावसाळी उजेडात तपकिरी रंग राखी वाटतो. त्याऐवजी पुढील क्रमाने पाहिल्यास चूक सहसा होत नाही.

पहिली खूण मानेची. मानेवर जांभळी-हिरवी चमक आहे, पांढरे ठिपके आहेत, काळी कंठी आहे की काहीच नाही? बहुतेक जातींची ओळख येथेच पटते. दुसरी खूण शेपटीची. ती आखूड व रुंद आहे की लांब व निमुळती, आणि उडताना तिच्या टोकाला पांढरा रंग झळकतो का? तिसरी खूण आकाराची. साळुंकी सुमारे २३ सेंटीमीटरची असते. पक्षी तिच्याएवढा आहे की बराच मोठा, एवढे ठरविले तरी पुरे. चौथी खूण जागेची. कठड्यावर बसणारा, जमिनीवर दाणे टिपणारा आणि झाडाच्या शेंड्यावर फळे खाणारा हे सहसा तीन वेगळे पक्षी असतात.

पारवा: कड्यांवरचा पक्षी

पारवा सुमारे ३३ सेंटीमीटर लांबीचा, भरीव अंगाचा पक्षी आहे. अंग पाटीसारखे राखी, पंखावर दोन ठळक काळे पट्टे, मानेवर हिरवी-जांभळी धातूसारखी चमक, शेपटीच्या टोकाला गडद पट्टी आणि पाय लालसर. चोचीच्या मुळाशी पांढरट, फुगीर त्वचा असते. युरोपातील रानपारव्यांची कंबर पांढरी असते, तर भारतीय उपजातीची राखी.

हा मुळात कड्यांवरचा पक्षी आहे. डोंगरांच्या कपारी, समुद्राकाठचे खडक, किल्ल्यांचे बुरूज आणि विहिरींच्या भिंतीतील कोनाडे ही त्याची जुनी घरे. दहा-वीस मजली इमारत त्याच्या लेखी एक कडाच असते, आणि खिडकीवरील छज्जा ही त्या कड्यातील कपार. मोठ्या शहरांत त्याची संख्या वाढते यामागचे एक कारण हेच आहे. दुसरे कारण अन्न. तुर्भे येथील घाऊक धान्यबाजारासारख्या ठिकाणी सांडलेले धान्य आणि चौकाचौकांत पुण्यकर्म म्हणून टाकलेले दाणे त्याला बारमाही मिळतात. त्यामुळे त्याची वीणही जवळजवळ वर्षभर चालते.

पाळीव कबुतरांशी संकर झाल्याने पारव्यांच्या थव्यात पांढरे, काळे, चितकबरे आणि विटकरी रंगाचेही पक्षी दिसतात. तपकिरी रंगाचा पारवा पाहून 'हा होला' असा समज होणे साहजिक आहे. अशा वेळी अंगलट पाहावी. पारवा जाड मानेचा व आखूड शेपटीचा असतो, आणि तो बहुधा थव्यात असतो. होले एकेकटे किंवा जोडीने फिरतात. अन्न मुबलक असेल तेथेच त्यांचे लहान थवे जमतात.

ठिपकेवाला होला: कुंडीतला पाहुणा

नवी मुंबईच्या उद्यानांत आणि गॅलऱ्यांत सर्वाधिक दिसणारा होला हाच. इंग्रजीत त्याला 'स्पॉटेड डव्ह' म्हणतात. लांबी सुमारे ३० सेंटीमीटर, पण त्यात शेपटीचा वाटा मोठा, त्यामुळे अंगाने तो पारव्यापेक्षा स्पष्टपणे लहान दिसतो. डोके व छाती गुलाबी छटेची. मानेच्या मागे व बाजूंना काळा पट्टा आणि त्यावर पांढऱ्या ठिपक्यांची दाट नक्षी, जणू मोत्यांची जाळी. पाठीवर व पंखांवर तपकिरी रंगात फिकट गुलाबी-पिवळसर ठिपके. भारतात आढळणाऱ्या उपजातीचे शास्त्रीय नाव 'सुरतेन्सिस' आहे. ते सुरत शहरावरून पडले.

त्याचे चालणे शांत असते. बागेतील पायवाटेवर, हिरवळीच्या कडेला तो गवताचे व तणांचे बी टिपत फिरतो. दचकला की पंखांचा फडफडाट करीत उडतो आणि लांब शेपटीच्या कडेची पांढरी टोके पंख्यासारखी उलगडतात. विणीच्या दिवसांत नर पंखांचा टाळ्यांसारखा आवाज करीत तिरपा वर चढतो आणि मग पंख पसरून तरंगत खाली येतो. त्याचा 'क्रू-क्रूऽऽ-क्रू' असा मृदू, काहीसा उदास स्वर दुपारच्या शांत वेळी दूरवर ऐकू येतो.

तपकिरी होला: माळावरचा सोबती

याला 'छोटा तपकिरी होला' किंवा काही भागांत 'भोरी' म्हणतात. इंग्रजी नाव 'लाफिंग डव्ह'. लांबी सुमारे २६-२७ सेंटीमीटर, म्हणजे साळुंकीपेक्षा थोडा मोठा आणि सडपातळ. ठिपकेवाल्या होल्याशी त्याची गल्लत सर्वांत जास्त होते. दोघांमधील फरक दोन. पहिला, तपकिरी होल्याच्या पाठीवर ठिपके नसतात. ती सपाट मातकट तपकिरी असते आणि पंखाच्या कडेला निळसर राखी पट्टा दिसतो. दुसरा, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांऐवजी त्याच्या गळ्याच्या बाजूंना व पुढच्या भागावर तांबूस व काळ्या ठिपक्यांची नक्षी असते. थोडक्यात, ठिपकेवाल्याची खूण मानेच्या मागे, तर तपकिरी होल्याची गळ्याच्या पुढे.

कोरडी, मोकळी, खुरट्या झुडपांची जागा त्याला मानवते. त्यामुळे दाट झाडीच्या उद्यानापेक्षा टेकड्यांच्या पायथ्याशी, मोकळ्या भूखंडांवर आणि खाडीलगतच्या रेताड जागी त्याला शोधावे. त्याचा स्वर हलक्या, गुदगुल्या झाल्यासारख्या हसण्याची आठवण करून देतो. इंग्रजी नाव त्यावरूनच आले.

दोन कंठीवाले

मानेच्या मागे बारीक काळी अर्धवर्तुळाकार रेघ असलेले दोन होले आहेत. पहिला कंठीवाला होला, सुमारे ३२ सेंटीमीटरचा, फिकट राखी-पिठाळ रंगाचा. देशावरील शेतशिवारात, बाभळीवर आणि गावकुसावर तो सर्वत्र दिसतो. दमट कोकणपट्टीत तो तुलनेने कमी, त्यामुळे नवी मुंबईत दिसल्यास खूण पक्की करूनच नोंद करावी. त्याचा त्रिपदी स्वर 'कु-कूऽऽ-कु' असा असतो.

या पक्ष्याने विसाव्या शतकात एक विलक्षण मजल मारली. आशियातील हा रहिवासी तुर्कस्तान व बाल्कन प्रदेशातून वायव्येकडे सरकत युरोपभर पसरला आणि १९५५ साली त्याने इंग्लंडमध्ये प्रथमच वीण केली. आज तो तेथील बागांमधला नेहमीचा पक्षी आहे.

दुसरा लाल होला. हा सर्व होल्यांत लहान, सुमारे २३ सेंटीमीटर, म्हणजे साळुंकीएवढा, आखूड शेपटीचा. नराचे डोके राखाडी आणि अंग विटकरी गुलाबी असल्याने तो लगेच ओळखू येतो. मादी मात्र राखट तपकिरी असते आणि 'छोटा कंठीवाला' म्हणून खपून जाते. आपल्याकडील होल्यांत नर-मादीच्या रंगातील इतका ठळक फरक याच जातीत आहे. शेतजमिनी, माळ आणि विरळ झाडी असलेल्या ग्रामीण भागात त्याला पाहण्याची शक्यता अधिक.

हरियाल: डोक्यावरचा राज्यपक्षी

महाराष्ट्राचा राज्यपक्षी कोणता, या प्रश्नाचे उत्तर स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांना पाठ असते. तोच पक्षी रस्त्याकडेच्या वडा-पिंपळावर बसलेला असू शकतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. हरियाल किंवा हरोळी हे हिरवे कबूतर आकाराने पारव्याएवढे, सुमारे ३३ सेंटीमीटर. डोके राखी, मान व छाती पिवळसर हिरवी, पाठ शेवाळी, खांद्यावर जांभळट डाग आणि पाय हळदीसारखे पिवळे. इंग्रजीत त्याला 'यलो-फूटेड ग्रीन पिजन' म्हणतात ते या पायांमुळेच.

हरियाल जमिनीवर क्वचितच उतरतो. वड, पिंपळ, उंबर, नांदरूक यांची फळे हे त्याचे मुख्य अन्न. फळांनी लगडलेल्या वडात वीस-पंचवीस हरियाल असले तरी पानांत ते असे मिसळून जातात की फांद्या हलल्याखेरीज पत्ता लागत नाही. पाहणाऱ्याने थंडीच्या दिवसांत सूर्योदयानंतरचा पहिला तास निवडावा. त्या वेळी थवा उंच, निष्पर्ण फांद्यांवर ऊन खात बसतो, सगळ्यांची तोंडे बहुधा सूर्याकडे. दुरून पोपटांचा थवा असल्याचा भास होतो; परंतु पोपटाची शेपटी लांब व टोकदार असते आणि तो गप्प बसत नाही. हरियालाचा आवाज घुमण्याऐवजी शिट्टीसारखा, वर-खाली होणारा, गोड असतो.

पारवा धान्यावर जगतो, हरियाल उंबरावर. त्यामुळे चौकात दाणे टाकून हरियालाला काडीचाही उपयोग होत नाही. नवी मुंबईच्या मूळ गावठाणांतील जुने वड-पिंपळ, पारसिक व खारघरच्या टेकड्यांवरील झाडी आणि पनवेलजवळील कर्नाळा अभयारण्यासारखी जंगले हाच त्याचा शिधा. रस्ता रुंदीकरणात एक जुना वड गेला, तर त्याच्यासोबत या पक्ष्याचे अनेक आठवड्यांचे अन्न जाते.

पाचू होला: रानाचा रहिवासी

कर्नाळ्याच्या दाट झाडीत पायवाटेवरून चालताना एखादा पक्षी जमिनीलगत सरळ रेषेत सुसाट निघून जातो आणि हिरवी झळाळी तेवढी डोळ्यांत राहते. तो पाचू होला. लांबी सुमारे २७ सेंटीमीटर, पंख पाचूसारखे हिरवे, छाती तांबूस गुलाबी, चोच पोवळ्यासारखी लाल. हिरव्या रंगामुळे त्याची हरियालाशी गल्लत होते. परंतु हरियाल झाडाच्या माथ्यावर राहतो आणि पाचू होला रानातील पाचोळ्यात बी व गळलेली फळे टिपतो. तामिळनाडूचा हा राज्यपक्षी आहे. शहरातील उद्यानात तो सहसा येत नाही. त्यामुळे सेक्टरमधील झाडावर हिरवे कबूतर दिसले तर ते बहुतेक वेळा हरियालच.

नजर कोठे फसते?

सर्वाधिक फसगत पिलांमुळे होते. नुकत्याच उडू लागलेल्या ठिपकेवाल्या होल्याच्या मानेवर ठिपक्यांचा पट्टा नसतो. तो वाढीबरोबर येतो. असा पक्षी पाहून कुणी 'नवी जात' म्हणते, कुणी 'तपकिरी होला'. अशा वेळी शेपटीची लांबी पाहावी आणि थोडे थांबावे. पिलाचे पालक बहुधा जवळपासच असतात व दाणे भरवायला येतात. त्यांच्या मानेवरून उलगडा होतो.

दुसरी फसगत उडताना. पारव्याचा पंखाखालचा भाग फिकट दिसतो आणि शेपटी आखूड, चौकोनी भासते. ठिपकेवाल्या व तपकिरी होल्यांच्या लांब शेपटीची पांढरी टोके उघडमीट करतात. तिसरी फसगत आवाजाची. इमारतींच्या मधल्या पोकळीत प्रतिध्वनीमुळे सगळेच घुमणे सारखे वाटते. पारव्याचे घुमणे खोल, गुरगुरल्यासारखे असते व नर मान फुगवून गिरक्या घेत ते करतो. होल्याच्या स्वराला ठरावीक पदे असतात. ती मोजता येतात.

घरट्यावरून ओळख

पक्षी उडून गेला आणि मागे घरटे राहिले, तरी उत्तर मिळू शकते. पारवा छज्ज्यावर, पोटमाळ्यावर, पाइपांच्या मागे, थोडक्यात सपाट व बंदिस्त जागी घर करतो. काड्या, तारा, झाडूचे हीर असा पसारा साचतो, त्याच जागी पुन्हा पुन्हा वीण होते आणि विष्ठेचा थर चढत जातो. होल्याचे घरटे म्हणजे काड्यांची पातळ बशी. इतकी विरळ, की खालून पाहिल्यास अंडी दिसावीत. ते कुंडीत, वेलींच्या गुंत्यात, झुडपाच्या दुबेळक्यात किंवा टांगलेल्या टोपलीत असते. दोघांचीही अंडी पांढरी आणि बहुधा दोन. हरियालाचे घरटेही असेच विरळ, पण ते झाडावर उंच असते.

निर्णय घेताना कालावधीचा फरक महत्त्वाचा ठरतो. ठिपकेवाल्या होल्याची अंडी सुमारे दोन आठवड्यांत फुटतात आणि पिले आणखी सुमारे दोन आठवड्यांत घरटे सोडतात. म्हणजे कुंडीला महिनाभर हात न लावला, तर पाहुणे आपणहून जातात. पारव्याची अंडी उबायला साधारण १७ ते १९ दिवस लागतात आणि पिले महिनाभर किंवा त्याहून अधिक काळ घरट्यात राहतात. शिवाय जागा मोकळी होताच पुढची जोडी अंडी घालते. म्हणून पारव्यांसाठी उपाय वीण सुरू होण्यापूर्वीच करावा लागतो. पोकळ्या बंद करणे, कठड्यावर बसायला जागा न ठेवणे, खाद्य न टाकणे आणि ताणून बसविलेली जाळी लावणे हे ते उपाय. सैल जाळीत होले, बुलबुल, शिंजीर यांसारखे पक्षी अडकून मरतात, त्यामुळे ती वेळोवेळी तपासायला हवी.

आरोग्य आणि कायदा

कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेचे व पिसांचे सूक्ष्म कण दीर्घकाळ श्वासावाटे जात राहिल्यास 'हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस' हा फुप्फुसांचा दाह होऊ शकतो. दुर्लक्ष झाल्यास फुप्फुसांना कायमचे व्रण पडतात. दमा किंवा प्रतिकारशक्तीचे विकार असलेल्यांनी विशेष जपावे. हा दाह पक्ष्यांच्या विष्ठेतील व पिसांतील प्रथिनांमुळे होतो, आणि होल्याची विष्ठाही निर्धोक मानू नये. फरक प्रमाणाचा आहे. एक जोडी महिनाभर राहून निघून जाणे वेगळे आणि शेकडो पक्ष्यांचा वर्षानुवर्षांचा थर साचणे वेगळे. साफसफाई करताना तोंडाला मास्क लावावा, थर आधी पाण्याने भिजवावा, कोरडा झाडू मारू नये. होल्याची पिले उडून गेल्यावर कुंडीही याच रीतीने स्वच्छ करावी.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी. होले व हरियाल हे रानपक्षी असून त्यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. या कायद्यातील 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत केवळ मारणे वा पकडणे येत नाही. रानपक्ष्यांची अंडी फोडणे, अंडी किंवा घरटी हलविणे हेही तिच्यात येते. होल्याची जोडी पिंजऱ्यात पाळणेही कायद्याला मान्य नाही. पिलू घरट्यातून खाली पडले असेल तर ते अलगद उचलून पुन्हा घरट्यात ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून पालक त्याला टाकून देतात, हा समज चुकीचा आहे. पक्षी जखमी असल्यास वन विभागाला किंवा पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या संस्थेला कळवावे.

नोंद नेमकी हवी

सामान्य माणसाने होला आणि पारवा यांत फरक केला नाही, तर बिघडते काय? भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ९४२ जातींचा आढावा आहे. तो सुमारे ३० हजार पक्षिनिरीक्षकांनी केलेल्या तीन कोटी नोंदींवर आधारलेला आहे, आणि या निरीक्षकांत बहुसंख्य हौशी आहेत. कोठेही जुळवून घेणाऱ्या पारवा, कोकिळ, मोर यांसारख्या पक्ष्यांची स्थिती उत्तम असल्याचे, आणि विशिष्ट अधिवासावर अवलंबून असलेले अनेक पक्षी घटत असल्याचे हा अहवाल सांगतो. दरवर्षी फेब्रुवारीत परसातील पक्षिगणना होते; तिच्यात पंधरा मिनिटे गॅलरीत उभे राहून केलेली यादीही मोलाची ठरते. मात्र त्या यादीत चार होल्यांची नोंद 'कबुतरे – ४' अशी झाली, तर वाढणाऱ्याची संख्या फुगते आणि दुसरा पक्षी कागदावरून नाहीसा होतो.

आज मुबलक आहे ते उद्याही असेल, या भरवशाचे काय होते हे याच कुळाने दाखविले आहे. मॉरिशसचा डोडो हा कबुतरांचा नातलग सतराव्या शतकात संपला. उत्तर अमेरिकेत एकेकाळी अब्जावधींच्या संख्येने असलेल्या प्रवासी कबुतरांचे थवे आकाश झाकोळून टाकीत. शिकार आणि जंगलतोड यांपुढे ती संख्या तोकडी पडली. त्या जातीची अखेरची मादी 'मार्था' १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मरण पावली.

ठिपकेवाल्या होल्यावर अशी वेळ आलेली नाही. नवी मुंबईत तो आजही सहज दिसतो. परंतु शहरात त्याला लागणाऱ्या गोष्टी साध्या आहेत. बी धरणारे थोडे गवत, एखादे दाट झुडूप आणि महिनाभर कोणी हात न लावणारी एक कुंडी. गॅलरीत पुढच्या वेळी काड्या दिसल्या, तर झाडू उचलण्यापूर्वी पक्ष्याच्या मानेकडे एकदा पाहावे. काळ्या पट्ट्यावर पांढरे ठिपके असतील, तर झाडू महिनाभर बाजूला ठेवावा.